करडीचा करडा झाला

मुलीने ससे आणले तेव्हा दुकानदाराने तिला सांगितलं होतं की दोन्ही माद्या आहेत, एकाच विणीच्या बहिणी, जन्मभर गुण्यागोविंदाने राहतील. बुटाच्या खोक्यात मावतील एवढी ती पिल्लं. एक पांढरी, एक करडी. मुलीने त्यांना इंग्रजी नावं दिली होती, पण ती आमच्या तोंडात कधी बसली नाहीत. आम्ही पांढरी आणि करडीच म्हणायचो. महिन्याभरात मुलीला पुण्याला प्रवेश मिळाला, होस्टेल मिळालं आणि ससे आमच्याकडे राहिले. काय खायला द्यायचं, काय चुकूनही द्यायचं नाही, हे ती लिहून देऊन गेली. ससे वयात येतात, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तिला तरी कुठे माहीत होतं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. नवरा अंबडच्या कारखान्यात आहे, त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. पाथर्डी फाट्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मला प्राण्यांची आवड अशी कधी नव्हती, पण पहिले तीन महिने त्या दोघींनी काही म्हणून त्रास दिला नाही. मागच्या गॅलरीत पिंजरा होता, त्याचं दार दिवसभर उघडं असायचं. एकमेकींना चिकटून झोपायच्या, एकीची मान दुसरीच्या पाठीवर. संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की कोथिंबिरीच्या काड्यांसाठी मांडीला येऊन टेकायच्या. मुलगी गेल्यावर घरात ऐकू येणारा तेवढाच एक आवाज, काडी कुरतडल्याचा.

सप्टेंबरच्या शेवटी माझे सासरे आले. ते चांदवडजवळच्या आमच्या गावी मोठ्या दिरांकडे राहतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन आणि दोनेक महिन्यांनी दुसऱ्याचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून तोवर मुक्काम आमच्याकडे. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, पण माझं आणि आबांचं बोलणं म्हणजे मी विचारणार, "वाढू का?" आणि ते म्हणणार, "वाढ." वितुष्ट काही नव्हतं. घरातली पद्धतच तशी. डोक्यावरचा पदर कधीच गेला होता, बोलण्यावरचा राहिला होता.

आबा काळा चष्मा लावून गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. टीव्ही बघायला मनाई, पेपर वाचायला मनाई. मग सशांकडे बघत बसणं तेवढं उरलं.

त्याच सुमाराला करडी माझ्या पायांभोवती फिरायला लागली. मी कणीक मळत उभी असले की गोल गोल चकरा, आणि फिरताना घशातून बारीक घूं घूं. मी मुलीला फोनवर कौतुकाने सांगितलं की करडीला माझा लळा लागलाय. चारपाच दिवसांनी करडी पांढरीच्या पाठीवर चढलेली दिसली. मानेचे केस दातांत धरलेले. मी जेवणाचं ताट घेऊन येत होते, आबा समोरच बसलेले. मी ताट ठेवलं, पेपरची घडी आपटून दोघींना हुसकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. पुढे हे दिवसातून चारचार वेळा होऊ लागलं. एकदा न राहवून मी म्हणाले, "खेळतात." आबांनी नुसती मान हलवली.

मग वास सुरू झाला. दोघी एरवी ट्रेमध्ये नीट शी-शू करणाऱ्या, आणि आता भिंतीवर हातभर उंचीपर्यंत पिवळे शिंतोडे. करडी पळता पळता मागचा भाग वळवून नेम धरल्यासारखी चिळकांडी मारायची. माझ्या ऑफिसच्या साडीवर मारली, नवऱ्याच्या कारखान्याच्या शर्टावर मारली, एकदा आबांच्या धोतराच्या सोग्यावर. फिनाईलने पुसलं तर वर पुन्हा नवीन. नवरा म्हणाला, "हिला काहीतरी रोग झालाय." मी करडीला ओरडले, पिंजऱ्यात कोंडलं, एकदा पाठीवर चापटही मारली. ती सुटली की आधी पांढरीकडे धावायची, नाहीतर माझ्या पायांकडे यायची.

एका सकाळी गॅलरीत कापूस पिंजल्यासारखे केस उडत होते. पांढरीने करडीचा कान फोडला होता. फरशीवर रक्ताचे थेंब, आणि दोघी दोन कोपऱ्यांत धापा टाकत बसलेल्या. मी ओल्या फडक्याने करडीचा कान दाबून धरला होता. आबा खुर्चीवरून म्हणाले, "पोरी, ही भांडत नाय. वयात आलीत."

मी वर बघितलं.

"आन ती करडी नाय. करडा हाय. धरलाच हाय तर उलटा करून बघ. मागं दोन्ही दिसतील."

मी उलटं करून बघितलं. शंकेला जागा नव्हती. दुकानदाराने सांगितलं तेव्हा ते लहान होते, तेव्हा कदाचित दिसतही नसेल. आता स्पष्ट दिसत होतं.

"तुम्हाला कधी कळलं, आबा?"

"झालं की आठ दिस."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनंला असलं कसं सांगायचं," ते म्हणाले आणि चष्मा नीट करत गॅलरीबाहेर बघू लागले.

मला हसू आलं. कान फाटलेला ससा मांडीवर आणि मी सासऱ्यांसमोर पोट धरून हसत होते. थोड्या वेळाने तेही हसले.

जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई, म्हशी, कुत्री बघायचे. त्यांनी कानाला मलम दिलं आणि नसबंदीचं विचारल्यावर सरळ सांगितलं की सशाला भूल देणं नाजूक काम आहे, ते त्यांच्या हातचं नाही. गंगापूर रोडला एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांच्या या सरळपणाचं मला बरं वाटलं. नवऱ्याची दुसरी पाळी होती, त्यामुळे रिक्षाने मी आणि आबाच गेलो. माझ्या मांडीवर एक झाकणाची टोपली, त्यांच्या मांडीवर दुसरी.

डॉक्टर तिशीच्या, आवाज शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकेक गोष्ट उलगडून सांगितली. पायांभोवती फिरून घूं घूं करणं म्हणजे मागणी घालणं. लळाबिळा काही नाही. शिंतोडे म्हणजे ही जागा माझी, ही माणसं माझी, असं लिहून ठेवणं. पाठीवर चढणं दर वेळी संगासाठीच असतं असंही नाही, घरात मोठं कोण हे ठरवण्यासाठीही चढतात. चार-साडेचार महिन्यांचे झाले की हार्मोन्स वाढतात, आणि कालपर्यंत गळ्यात गळे घालणारे एकमेकांचे लचके तोडतात. ओरडून, मारून उपयोग नाही. मी चापट मारल्याचं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "हट्ट असता तर शिकवून सुटला असता. हे वय आहे."

पुढचं त्यांनी क्रमाने सांगितलं. आजच्या आज दोघांना वेगळं करायचं. मादी गाभण असू शकते, तेव्हा तिच्याकडे महिनाभर लक्ष ठेवायचं. आठ-दहा दिवसांनी नराची नसबंदी. तरी त्याला लगेच तिच्याजवळ सोडायचं नाही, कारण ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. मग मादीचं ऑपरेशन. माद्यांना पुढे गर्भाशयात गाठी होतात, म्हणून तिचंही केलेलं बरं. आणि शेवटी दोघांची ओळख पहिल्यापासून नव्याने करून द्यायची. मी हे सगळं पर्समधल्या रजेच्या अर्जाच्या पाठीमागे लिहून घेतलं. आबा मध्येच म्हणाले, "बाई, जनावराचं बरोबर सांगितलं तुम्ही." डॉक्टर आबांकडे बघून हसल्या.

नवऱ्याने कारखान्यातून जाळीचे तुकडे आणून गॅलरीचे दोन भाग केले. जाळी दुहेरी, मध्ये चार बोटांचं अंतर, कारण एका जाळीतून एकमेकांची नाकं चावतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वास यावा, दिसावं, पण दात पोचू नयेत. एवढं त्याने मनापासून केलं. पण नसबंदीचं निघालं तेव्हा जेवता जेवता त्याचा हात थांबला. त्याचं म्हणणं, करड्याचं काय चुकलं? निसर्गाने दिलेलं आपण कोण काढणारे? त्र्यंबक रोडला त्याच्या मित्राचा मळा आहे, तिथे नेऊन सोडू, मोकळा राहील.

"मोकळा राहील आन दोन दिसात कुत्रं नेईल," आबा म्हणाले.

आबांनी ताटात हात धुतला. ते नवऱ्याला म्हणाले, "आपला खोंड खच्ची करायला धरला तवा तू कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला व्हतास. आठवतं का? मी बी तोंड फिरवूनच उभा व्हतो. लय वरडला तो. भूल नव्हती तवा. ह्याला झोपवून करणार हायेत."

ऑपरेशनच्या दिवशी मात्र नवऱ्यानेच पहिली पाळी बदलून घेतली आणि टोपली घेऊन तोच गेला.

सशाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नसतं, हे आम्हाला नवीन होतं. त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, थांबलं की जिवावर बेततं. दुपारी करडा घरी आला तो डोळे अर्धे मिटून, अंग फुगवून बसलेला. मी कोथिंबीर धरली, त्याने तोंड वळवलं. गवत धरलं, तेही नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर फोन करा. नवरा त्याच्याभोवती येरझारा घालत होता. शेवटी आबा खुर्ची ओढून त्याच्यापाशी बसले, कोथिंबिरीची एक काडी दोन बोटांत धरली आणि हात तसाच ठेवून दिला. पुढे केली नाही, मागे घेतली नाही. अर्धा तास झाला असेल. दिवे लागायच्या सुमाराला करड्याने मान पुढे केली आणि काडी ओढून घेतली. त्यानंतर दोनतीन दिवस आमच्या घरात जो बाहेरून येईल तो आधी विचारायचा, "लेंड्या किती टाकल्या?"

ऑपरेशन झालं म्हणून करडा दुसऱ्या दिवशी साधू झाला असं नाही. जवळजवळ तीन आठवडे तो माझ्या पायांभोवती तसाच फिरत होता, भिंतीही तशाच भिजवत होता. नवरा म्हणायचा, उगाच कापला बिचाऱ्याला. अंगातलं उतरायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायची. मग शिंतोडे एक दिवसाआड झाले, आठवड्यातून एकदा झाले आणि थांबले. पण त्याआधी पांढरीचं वेगळंच सुरू झालं होतं.

वेगळं करून अडीच आठवडे झाले होते. एका दुपारी ती तोंडात आडव्या गवताच्या काड्या भरून इकडून तिकडे पळताना दिसली, भरघोस मिशा असल्यासारखी. कोपऱ्यात तिने गवताचा खोलगट ढीग केला. मग स्वतःच्या छातीवरचे केस दातांनी उपटून त्यात घालू लागली. खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. मी पाणी बदलायला हात घातला तर गुरगुरून पंजा मारला. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं की पिल्लं होणार. मी एक लाकडी खोकं स्वच्छ करून ठेवलं. पुण्याला मुलीने मैत्रिणींना सांगून टाकलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी एक पिल्लू मागून ठेवलं. मला पिल्लं नको होती, तरी मी ऑफिसातून आल्या आल्या चपला न काढता गॅलरीत जाऊन बघायची.

डॉक्टरांनी तिचं पोट बोटांनी हळूहळू चाचपलं. दोनदा. पोटात काही नव्हतं. शरीराची समजूत होते, त्या म्हणाल्या, गर्भ राहिला नाही तरी अंगातले हार्मोन्स राहिला असंच सांगतात, आणि मादी सगळी तयारी करते. घरटं काढून टाकू नका, चारआठ दिवसांत ती आपणच उठेल. आम्ही तिला परत आणून जाळीपलीकडे सोडलं. ती थेट घरट्यापाशी गेली, वरचे केस नाकाने सारखे केले आणि शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी नवरा झोपला होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आबा खुर्चीत. बराच वेळ ते पांढरीकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं दुसरं गेलं तवा मी काय बोललो नाय."

मुलगी तीन वर्षांची असताना मला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा सासूबाई होत्या, त्या महिनाभर माझ्याजवळ राहिल्या. आबा दवाखान्यात आले, बाहेरच्या बाकावर दोन तास बसले आणि मला न भेटता चांदवडला परतले. मी ते मनात ठेवलं नव्हतं असं म्हणणार नाही.

"सुताराकडं पाळणा सांगितला व्हता मी," आबा म्हणाले. "दवाखान्यातून तसाच त्याच्याकडं गेलो, नको म्हणून सांगायला. त्यानं करून ठेवला व्हता. सागाचा. मंग घेऊन आलो. माळ्यावर हाय अजून."

माझ्या हातात नवऱ्याचा ओला शर्ट होता. तो मी तसाच धरून उभी राहिले.

"मला माहीत नव्हतं, आबा."

"कसं असंल. सांगितलं कुठं कुणी."

मी शर्ट दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि चहा ठेवायला आत गेले. त्या दिवशी चहा मी आत न पिता बाहेर त्यांच्याजवळ बसून प्यायले.

पांढरी पाचव्या दिवशी घरट्यावरून उठली. दुखण्यातून उठणाऱ्या माणसासारखी हळूहळू नाही, एकदम उठली, अंग झटकलं आणि गवत खायला गेली. छातीवर नवे केस यायला महिना लागला. डिसेंबरात तिचंही ऑपरेशन झालं. करड्यापेक्षा तिला जड गेलं, दोन दिवस औषध पिचकारीने पाजावं लागलं, पण निभावलं. आबांचा दुसरा डोळाही तोवर बरा झाला होता. उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस आले होते आणि त्यांचं चित्त इथे लागेना. ते गावी गेले, आणि आठवड्याने तिकडून येणाऱ्या भाच्याच्या गाडीतून औषध न मारलेल्या बांधावरच्या वाळल्या गवताचं पोतं आलं.

जानेवारीत आम्ही दोघांना एकत्र आणायला सुरुवात केली. जागा अशी हवी होती की जी दोघांपैकी कुणालाच आपली वाटणार नाही. आमच्या फ्लॅटमध्ये अशी एकच होती, न्हाणीघर. आधी आठवडाभर याच्या खालचं फडकं तिच्याकडे, तिच्या खालचं याच्याकडे, असं केलं. मग न्हाणीघरात सतरंजी अंथरून मी आणि नवरा दोन भिंतींना टेकून बसलो, त्याच्या हातात कारखान्यातले जाड हातमोजे, माझ्या हातात टॉवेल. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत केस उडाले. नवऱ्याने हातमोजे घालून मध्ये हात घातला आणि चावा त्या हातमोज्याला बसला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांकडे पाठ करून बसले, आणि हे चांगलं लक्षण आहे असं फोनवर डॉक्टर म्हणाल्या.

रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही नवरा-बायको न्हाणीघरात बसायचो. मोबाईल बाहेर ठेवायचो, कारण नजर हटली की भांडण. मग काहीबाही बोलायचो. त्याच्या कारखान्यातलं, माझ्या ऑफिसातलं. एकदा मी त्याला पाळण्याचं सांगितलं. त्यालाही माहीत नव्हतं.

सहाव्या-सातव्या दिवशी पांढरीच उडी मारून करड्याच्या पाठीवर चढली. नवरा चकित झाला. म्हणाला, "इकडे याचं सगळं काढून घेतलं आणि आता ही चढते." मोठं कोण, ते ठरत होतं. डोक्याच्या बाजूने चढली तर हटवायचं, बाकी ठरू द्यायचं, असं सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही ठरू दिलं. डॉक्टरांच्याच सांगण्यावरून दोघांच्या कपाळावर केळ्याचा इवलासा ठिपका लावायचो, चाटायला म्हणून तरी जवळ येतील. बाराव्या दिवशी केळं संपलं होतं, घरात नव्हतं. पांढरी सरळ करड्यासमोर गेली आणि मान खाली घालून, हनुवटी सतरंजीला टेकवून बसली. करडा जरा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने तिचं कपाळ चाटलं, डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत, सावकाश. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. नवऱ्याने हातमोजे काढून बाजूला ठेवले.

पुढचे दोन आठवडे वेळ वाढवत नेला आणि मग गॅलरीतली जाळी काढली. आता घराचं राज्य पांढरीचं आहे. ती मान खाली घालते आणि करड्याने चाटायचं, उलट क्वचितच होतं. वर्षातून एखाद-दोनदा, हवा बदलली की, तो अजूनही माझ्या पायांभोवती चक्कर मारतो. तेव्हा मी ओरडत नाही, पाय उचलून बाजूला होते.

आबा तपासणीला येतात तेव्हा मुक्काम करतात, आणि मधल्या काळात रविवारी फोन असतो. कांद्याला काय भाव, पाणी किती उरलं, ससे काय म्हणतात. नवरा घरी असला तरी फोन बहुधा माझ्याकडेच येतो.

एप्रिलमध्ये गॅलरी तापते. सशांना ऊन सोसत नाही, म्हणून मी बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याजवळ ठेवते. आधी एकच ठेवायची, ती पांढरी घ्यायची. म्हणून आता दोन ठेवते. दुसरी बाटली तशीच पडून असते. करडा तिच्याकडे जात नाही, पांढरीच्या पाठीला लागून झोपतो.